युटेराइन लिगेशन आणि बी-लिंचनंतरचा डॉप्लर कसा वाचायचा?

प्रश्न:
सीझरमध्ये अटोनिक पीपीएच (गर्भाशय आकसत नसल्याने प्रसूतीनंतर होणारा अतिरक्तस्राव). दोन्ही बाजूंना ओ'लिअरी टाके (युटेराइन म्हणजे गर्भाशयाची धमनी बांधणारे) घेतले, तरी गर्भाशय सैलच, म्हणून बी-लिंच (गर्भाशयाला बाहेरून आवळून दाबणारा टाका). रक्तस्राव थांबला. सहाव्या दिवशीच्या डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) दोन्ही युटेराइन धमन्यांचा आरआय (प्रवाहाला होणाऱ्या प्रतिरोधाचा निर्देशांक) जास्त, नॉचही (आलेखातली खाच) दिसतो. गर्भाशयाला रक्त कमी पडतंय असं समजायचं का? पेशंटला ताप नाही.

उत्तर १:
नुसत्या आरआयवरून तसं म्हणू नका. एकही टाका न घेतलेल्या बाळंतिणीतही प्रतिरोध वाढत जातो आणि नॉच परत येतो. शिवाय ट्रेस (प्रवाहाचा आलेख) कुठे घेतला? ओ'लिअरीचा टाका लोअर सेगमेंटच्या (गर्भाशयाच्या खालच्या भागाच्या) कडेला, युटेराइन धमनीच्या चढत्या शाखेवर बसतो. सर्व्हिक्सजवळचा (गर्भाशयमुखाजवळचा) ट्रेस टाक्याच्या खालचा असू शकतो. वर काय चाललंय ते त्यातून कळत नाही. पाहायचा तो भिंतीतला प्रवाह: फंडस (गर्भाशयाचा माथा), दोन्ही कॉर्नुआ (वरचे कोपरे), पुढची आणि मागची भिंत. पीआरएफ आणि वॉल फिल्टर (मशीनच्या सेटिंग्ज) कमी ठेवायला सांगा, नाहीतर संथ प्रवाह दिसतच नाही आणि रिपोर्टमध्ये उगाच 'अव्हॅस्क्युलर' (रक्तप्रवाह नाही) येतं.

उत्तर २:
मुळात लिगेशनने (धमनी बांधल्याने) रक्त बंद होत नाही, दाब उतरतो. संशोधक बर्चेल यांच्या मोजमापात दोन्ही इंटर्नल इलियाक (युटेराइन जिच्यातून फुटते ती ओटीपोटातली धमनी) बांधल्यावर पल्स प्रेशर (वरच्या आणि खालच्या रक्तदाबातला फरक) सुमारे 85 टक्क्यांनी घटलं, प्रवाह मात्र साधारण निम्माच झाला. धमनीतला दाब शिरेसारखा झाला की गुठळी टिकते. युटेराइन बांधल्यावर वरून ओव्हेरियन (बीजकोशाची धमनी) आणि खालून सर्व्हायकल-व्हजायनल शाखा गर्भाशयाला जगवतात. म्हणून माझी खरी काळजी वेगळी आहे: युटेराइनसोबत ओव्हेरियनकडचा जोडही बांधला होता का? वरची वाटही बंद आणि त्यावर बी-लिंचचा दाब, अशा वेळी नेक्रोसिसचा (भिंत मरण्याचा) धोका वाढतो. ऑपरेशन नोट काढून पाहाच.

प्रश्नकर्ता:
ओव्हेरियन बाजू बांधलेली नाही. बी-लिंचचा टाका 1 नंबर व्हिक्रिल (विरघळणारा धागा). पुढे कशावर लक्ष ठेवू?

उत्तर ३:
मग बरंच निश्चिंत राहा. अँटिबायोटिक्स देऊनही न उतरणारा ताप, दुर्गंधीयुक्त लोकिया (प्रसूतीनंतरचा स्राव), वाढतं दुखणं, यातलं काही दिसलं तर पुन्हा डॉप्लर करत बसू नका, काँट्रास्ट एमआरआय करा. मेलेली भिंत एन्हान्स होत (काँट्रास्टने उजळत) नाही. व्हिक्रिल ठीकच. न विरघळणारा धागा असता तर गर्भाशय आकसल्यावर फास सैल पडून त्यात आतडं अडकू शकतं.
पाळी सुरू झाल्यावर फारच कमी जात असेल किंवा स्तनपान थांबूनही येत नसेल, तर हिस्टेरोस्कोपी (गर्भाशयाची दुर्बिणीने तपासणी) करून आतून भिंती चिकटल्यात का ते बघा. चो यांच्या चौकोनी टाक्यांत (रक्तस्राव थांबवण्याची दुसरी पद्धत) ही भीती अधिक, कारण पुढची-मागची भिंत एकत्र शिवली जाते आणि मध्ये लोकिया कोंडून पायोमेट्राही (गर्भाशयात पू साठणं) होतो. पुढचं गरोदरपण राहू शकतं हे पेशंटला स्पष्ट सांगा, पण पीपीएच पुन्हा होऊ शकतो. प्रसूती रक्त हाताशी असेल तिथेच. डिस्चार्ज कार्डावर कोणत्या धमन्या बांधल्या आणि कोणता टाका घेतला हे लिहून द्या. पुढच्या सर्जनला पोट उघडण्याआधी ते कळायला हवं.