बँकेनं लिलावात काढलेलं घर लोकांनी अडवावं का?

रानजाई
अमेरिकेत 2008 च्या आर्थिक संकटात लाखो कुटुंबांची घरं बँकांनी जप्त केली, हे आपण वाचलेलं असतं. त्याविरुद्ध साध्या माणसांनी काय केलं यावर मात्र मराठीत फारसं बोललं जात नाही, म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगते. त्या घरांच्या दारात उभे राहिलेले लोक बरोबर होते. ते उभे राहिले नसते तर सरकारं हललीच नसती.

मी बॉस्टनजवळ राहते. मॅसॅच्युसेट्समध्ये जप्तीसाठी बँकेला कोर्टाचा हुकूम लागत नाही आणि लिलाव थेट घराच्या दारात होतो. आमच्या गल्लीतला मी पाहिला आहे. लिलाव पुकारणारा पायरीवर उभा राहून नोटीस वाचत होता, बँकेचा माणूस काखेत फाइल धरून शेजारी, आणि घरातली माणसं वरच्या खिडकीत. बाहेरचं कोणी पुढे आलं नाही. बँकेनंच बोली लावली आणि बँकेनंच घर घेतलं. दहा मिनिटंही लागली नसतील.

बॉस्टनच्या जमैका प्लेन भागात 'सिटी लाइफ/विदा उर्बाना' ही 1973 पासूनची भाडेकरूंची संघटना आहे. तिनं अशा कुटुंबांना सांगितलं, लिलाव झाला म्हणून घर सोडू नका. बाहेर काढायला बँकेला कोर्टात यावंच लागेल. त्यांच्या पद्धतीचं नाव 'तलवार आणि ढाल'. ढाल म्हणजे कोर्टातला बचाव, ज्यात हार्वर्डच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनीही काम केलं. तलवार म्हणजे निदर्शनं, आणि वेळ आलीच तर दारात साखळी करून उभं राहणं. 2011 च्या डिसेंबरात ऑक्युपाय या बड्या बँकांविरुद्धच्या चळवळीतल्या लोकांनी हेच बऱ्याच शहरांत उचललं.

हिशेबी
रानजाई, लिहिलंय मनापासून, पण मला पटत नाही. आम्ही 2006 मध्ये न्यू जर्सीत घर घेतलं. दोन वर्षांत किंमत कर्जाच्याही खाली गेली. बायकोची नोकरी गेली. तरी हप्ता चुकवला नाही, कारण सही केली होती. अंथरूण पाहून पाय पसरायचे हे आपल्याकडे पोरालासुद्धा शिकवतात. ज्यांनी उत्पन्नाचा विचार न करता मोठं घर घेतलं, त्यांच्या दारात गर्दी उभी राहणार आणि हप्ते भरणाऱ्याला कोणी विचारणारही नाही? 2009 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या सौदेबाजारातून एका टीव्ही पत्रकारानं हेच विचारलं होतं, की शेजाऱ्याच्या जास्तीच्या बाथरूमचं कर्ज तुम्ही फेडणार का? लाखो लोकांच्या मनातलाच प्रश्न होता तो.

शिवाय बँकेनं वसुली केलीच नाही तर पुढच्या माणसाला कर्ज महाग मिळणार. ते नुकसान कोणाच्या खिडकीत दिसत नाही, पण होतंच.

रानजाई
तुम्ही हप्ते भरलेत त्याबद्दल आदर आहे. पण बहुतेकांची मागणी फुकट घराची नव्हतीच. समजा कर्ज साडेतीन लाख डॉलरचं आणि घराची आजची किंमत दीड लाख. बँक लिलावानंतर ते घर परक्या माणसाला दीड लाखाला विकायला तयार, पण आत राहणाऱ्या कुटुंबाला त्याच भावात द्यायला तयार नाही. संघटनेचं म्हणणं एवढंच, की त्यांनाच द्या. बॉस्टन कम्युनिटी कॅपिटल या संस्थेनं 2009 पासून अशी घरं बँकेकडून आजच्या भावानं विकत घेतली आणि त्याच कुटुंबांना परवडेल अशा नव्या कर्जावर परत विकली. पुढे किंमत वाढली तर वाढीतला हिस्सा संस्थेला. यात शेजाऱ्याच्या खिशातून काय गेलं?

फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन बड्या कंपन्यांनी मात्र हा मार्ग अडवून धरला. 2012 मध्ये मॅसॅच्युसेट्सनं त्याविरुद्ध कायदा केला तरी ऐकेनात. 2014 मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे मुख्य सरकारी वकिलांनी, दावा लावला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात धोरण बदललं.

हिशेबी
हे चांगलं काम आहे, मान्य. पण ते कागदावर, पैसे मोजून झालं. दारात साखळी करून नाही. आमच्याकडे न्यू जर्सीत जप्ती कोर्टातून होते आणि एकेक प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. रिकामी घरं, फुटलेले पाइप, आणि देखभालीचा खर्च उरलेल्यांवर. मुदती वाढवून गल्ली वाचत नाही. करार झाला असेल तर कायद्यानं होईल ते होऊ द्यावं.

वकीलीणबाई_सोलापूर
'कायद्यानं' या शब्दावर थोडं बोलते. 2010 च्या शरद ऋतूत उघडकीला आलं की मोठ्या बँकांचे कर्मचारी जप्तीची प्रतिज्ञापत्रं न वाचताच सही करत होते. एकानं तर महिन्याला सुमारे 10000 कागदांवर सह्या करत असल्याची साक्ष दिली. बँक ऑफ अमेरिकाला काही काळ 50 ही राज्यांत जप्ती थांबवावी लागली. जानेवारी 2011 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं स्प्रिंगफिल्डमधल्या दोन घरांची जप्ती रद्द ठरवली. लिलाव 2007 चे, आणि गहाणखत आपल्याकडे आल्याचे बँकांनी दाखवलेले कागद 2008 चे! म्हणजे लिलाव केला तेव्हा हक्क आपला आहे हेच त्यांना सिद्ध करता आलं नाही. हिशेबी, तुम्ही तुमची सही पाळलीत. समोरच्यानं त्याची पाळली नव्हती.

या गैरप्रकारांबद्दल फेब्रुवारी 2012 मध्ये पाच बड्या बँकांनी 49 राज्यांशी 25 अब्ज डॉलरची तडजोड केली. ज्यांचं घर गेलंच होतं त्यांच्या हातात सुमारे 1500 डॉलरचा चेक पडला. बॉस्टनमध्ये तेवढ्यात दोन महिन्यांचं भाडंसुद्धा निघत नाही.

आडगावकर
तिकडचं तिकडे. आपल्याकडे हे लोण नको. बँकेचा पैसा म्हणजे ठेवीदाराचा पैसा. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त 1000 रुपये काढता येत होते. माझ्या मावशीची पेन्शन त्यात अडकली, औषधांना उसने पैसे घेतले तिनं. थकबाकीदाराच्या दारात उभं राहणाऱ्यांनी आधी ठेवीदाराच्या रांगेत उभं राहून बघावं.

रानजाई
आडगावकर, मावशींवर झाला तो अन्यायच. पण ती बँक बुडाली ती वन बीएचकेचा हप्ता थकवणाऱ्यांमुळे नाही. कर्जाचा फार मोठा हिस्सा एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाकडे होता आणि तो लपवला गेला. ठेवीदार आणि छोटा कर्जदार एकमेकांचे शत्रू नाहीत, दोघांना अंधारात ठेवणारा एकच असतो. अमेरिकेतही ऑक्टोबर 2008 मध्ये वित्तसंस्थांसाठी 700 अब्ज डॉलर मंजूर झाले तेव्हा 'सही केली होती ना?' असं त्यांना कोणी विचारलं नाही.

आडगावकर
बिल्डरबद्दल बरोबर आहे. तरी गर्दीनं ताबा अडवणं मला मान्य नाही. आज गरिबासाठी अडवतील, उद्या त्याच गर्दीत पैसेवाल्याची माणसं असतील. गावच्या सोसायटीत पुढाऱ्यांची वसुली कशी थांबते ते पाहिलंय. मग साध्या माणसानं नोटीस आल्यावर करायचं काय, ते वकीलीणबाईंनी सांगावं.

वकीलीणबाई_सोलापूर
पेपरात 'ताबा सूचना' म्हणून जाहिराती येतात त्या 2002 च्या सरफेसी कायद्याखालच्या. इथेही बँकेला आधी कोर्टात जावं लागत नाही. पहिल्या नोटिशीला 60 दिवस असतात. त्यात लेखी हरकत द्या, पोच घ्या. बँकेनं 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. ताबा घेतल्यावर, तो सांकेतिक म्हणजे नुसता कागदोपत्री असला तरी, 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पूर्वी त्यासाठी मागणीच्या 75 टक्के रक्कम आधी भरावी लागे, ती अट सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये काढून टाकली. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू नाही.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण हे 45 दिवस उलटल्यावर येतात. नोटीस कपाटात ठेवून देतात, शेजाऱ्यांना कळायला नको म्हणून. बॉस्टनच्या त्या संघटनेकडून मला घ्यावीशी वाटते ती त्यांची दर आठवड्याची बैठक, जिथे माणूस चारचौघांत नोटीस बाहेर काढतो. सोलापुरात कोणी जागा देत असेल तर मी येईन, फी नको.