अनुभव धागा : पुरातत्त्वाच्या कामावरचे दिवस (सोलापूर आणि आसपास)

कॉलेजात असताना उत्खनन, सर्वेक्षण, किल्ल्याची सफाई, शिलालेखांचे ठसे, यातलं काहीही केलं असेल तर इथं लिहा. मोहरांचे हंडे आणि त्यावरचे नागोबा नकोत. सकाळी उठून रात्री झोपेपर्यंत काय करायचात ते सांगा. सुरुवात मीच करते.

खापरवाली
आमचं काम एका गावच्या पांढरीवर होतं. शेताची ती काळी, जुन्या वस्तीची ती पांढरी; राख, शेणमाती, पडक्या भिंती साचून झालेलं टेकाड. ही माती पिकाला मानवते म्हणून लोक ट्रॉल्या भरून नेतात. आम्ही पोचेपर्यंत निम्मं टेकाड उसात गेलं होतं.

साडेपाचला खड्ड्यावर हजर, कारण एप्रिलात अकरानंतर खुरपीचा दांडासुद्धा भाजतो. मला मात्र खुरपी मिळालीच नाही. "तू खापरं धू." दोन दिवस फुगून बसले. दात घासायच्या ब्रशनं आधी तुटकी कड घासायची, रंग असेल तिथं नुसतं पाणी सोडायचं. काठाचे तुकडे वेगळे, कारण काठावरून भांड्याचं तोंड केवढं होतं ते काढता येतं. पोटाच्या तुकड्यावरून फारसं काही हाती लागत नाही. धुतलेली खापरं पोत्यावर वाळत घालायची आणि प्रत्येक ढिगाशी चिठ्ठी : खड्डा, थर, खोली, तारीख.

चौथ्या दिवशी वावटळ आली. सात ढिगांच्या चिठ्ठ्या उडाल्या, पाचच सापडल्या. उरलेले दोन ढीग कुठल्या थरातले, देव जाणे. सर ओरडले नाहीत, वहीत फक्त 'थर अज्ञात' लिहिलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून चिठ्ठीवर दगड ठेवते, घरी लाईटबिलावरसुद्धा.

सीनाकाठ
आमचं शिबिर हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर. हरिहरेश्वराचं देऊळ मातीत गाडलेलं होतं, ते उकरून काढलेलं. आतल्या शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत आणि लिंग स्वतः ३६०वं, असं सांगतात. आम्ही मोजायला बसलो. मी ३४१, मित्र ३७२. कुठून सुरू केलं तेच विसरायचो. शेवटी एकजण पहिल्या मुखावर बोट ठेवून पुतळ्यासारखा बसला, तरी दोन कमी भरली. नाद सोडला.

शेजारच्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे १०१८चा लेख आहे. शेवटी 'वाछि तो विजेया होइवा', जो वाचील तो विजयी होईल. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांनी तो तीन-तीनदा वाचला. मला तरी एटीकेटी लागली.

हळेकन्नड
घरी कन्नड, शाळेत मराठी, गल्लीत तेलुगू, म्हणजे अस्सल सोलापूरकर. आपल्याकडे जुने लेख कन्नडमध्येही भरपूर, म्हणून मला ठसे घ्यायच्या गटात टाकलं. दगड पाण्यानं धुवायचा, ओला कागद चिकटवायचा आणि ब्रशनं ठोकून खाचांत बसवायचा. जरा सुकला की शाईची गादी थापायची. खाच पांढरी राहते, बाकी काळं. पहिले दोन कागद मी जोर लावून फाडले. तिसरा नीट उतरला तेव्हा ऐटीत वाचायला गेलो, तर अक्षरं थोडीफार ओळखीची, अर्थाचा पत्ता नाही. आजीला फोटो दाखवला. ती म्हणाली, "हे माझ्याही आज्जीच्या आधीचं रे."

एक विनंती. वीरगळाला, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकाच्या दगडाला, ऑईलपेंट फासू नका. श्रद्धा कळते, पण रंग खाचांत बसला की अक्षरं गेलीच समजा.

खंदकावर
भुईकोटात सफाई. गवत आणि कुरकुऱ्यांची पाकिटं तीन पोती. तटाच्या दगडावर बदाम कोरणाऱ्यांनी निदान शुद्धलेखन तरी बघावं. एवढंच काय ते.

कडकभाकरी
जेवणाचं कुणीच लिहीना की! कडक भाकरी, शेंगाची चटणी, आठ दिवस हेच. भाकरी टिकते, चटणी टिकते, पोरं टिकत नाहीत. आम्ही बाराजण गेलो, शेवटाला सातच राहिलो. @खापरवाली, ते दोन ढीग पुढं कुठं गेले?

खापरवाली
पोत्यात आहेत अजून. वर चिठ्ठी लावली आहे.