पिट्सबर्गला बदली: घर कुठे बघावं, लायसन्सचं काय?

आलेपाक:
एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा) जानेवारीत पिट्सबर्गला जायचं आहे. ऑफिस डाउनटाउनमध्ये. मी, नवरा (एच-४, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा) आणि पाच वर्षांची मुलगी. सुरुवातीचे दोन-तीन महिने गाडी घेणार नाही. घर कोणत्या भागात बघावं? आणि करार करताना काय तपासावं?

टेकडीवाला:
घर निवडताना नकाशावरच्या अंतरावर विसंबू नका. सगळं गाव टेकड्यांवर आहे. नकाशात पाच मिनिटांवर दिसणारा बसथांबा प्रत्यक्षात लांबलचक सार्वजनिक जिन्याखाली असू शकतो, आणि बर्फात मुलीला घेऊन तो जिना रोज उतरणं अवघड आहे. बीचव्ह्यूतल्या कँटन अव्हेन्यूचा चढ तर ३७ टक्के आहे. घर नक्की करण्याआधी स्ट्रीट व्ह्यूवर थांब्यापर्यंतचा रस्ता पूर्ण बघा.

गाडीशिवाय राहायचं तर स्क्विरल हिल (६१ क्रमांकाच्या बस) किंवा शेडीसाइड (७१ च्या बस). ईस्ट बसवेच्या स्टेशनजवळ घर मिळालं तर उत्तमच, कारण तो रस्ता फक्त बससाठी आहे, ट्रॅफिकचा प्रश्नच नाही. दक्षिणेकडे डॉरमाँट, माउंट लेबनन इथून ‘टी’ ही लाइट रेल थेट डाउनटाउनला जाते. तिकीट २.७५ डॉलर, कनेक्टकार्ड (बस-रेल्वेचं रिचार्ज कार्ड) वापरलं तर तीन तासांत बस बदलायला वेगळे पैसे पडत नाहीत. विमानतळावरून डाउनटाउनला २८एक्स बस आहे.

मृण्मयी_के:
भाड्याची तुलना करताना स्थानिक आयकर धरायला विसरू नका. पेनसिल्व्हेनिया राज्याचा ३.०७ टक्के सगळ्यांनाच आहे. त्यावर पिट्सबर्ग शहरात राहणाऱ्याला पगारावर आणखी ३ टक्के पडतात (१ शहराचा, २ शाळांचा), तर बहुतेक उपनगरांत हाच कर १ टक्क्याच्या आसपास आहे. एक लाख डॉलर पगारावर वर्षाला साधारण दोन हजारांचा फरक.

घोळ होतो तो पत्त्यामुळे. पोस्टाच्या पत्त्यात ‘पिट्सबर्ग’ असलं तरी घर शहराच्या हद्दीत असेलच असं नाही. एचआर रहिवासाचा फॉर्म भरून घेतं, त्यात पीएसडी कोड (तुमचा स्थानिक कर कोणत्या भागाचा ते सांगणारा क्रमांक) टाकावा लागतो. तो राज्याच्या वेबसाइटवर पूर्ण पत्ता घालून शोधा, पिनकोडवरून अंदाज करू नका. कोड चुकला की कपात चुकीच्या दराने होते आणि वर्षअखेरीस निस्तरत बसावं लागतं. स्थानिक रिटर्नही वेगळं भरायचं असतं.

करारात दोन गोष्टी बघा. पहिल्या वर्षी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घर सोडताना नवा पत्ता लेखी द्या; ३० दिवसांत डिपॉझिट किंवा कपातीची यादी मिळायला हवी. दुसरं, हीट (घर गरम ठेवण्याचा खर्च) भाड्यात आहे का? जुन्या विटांच्या घरांना गॅस भरपूर लागतो, म्हणून मागच्या जानेवारीचं बिल मागा.

आलेपाक:
खूप उपयोगी, धन्यवाद! आपलं महाराष्ट्राचं लायसन्स चालेल का?

टेकडीवाला:
वर्षभरापर्यंत चालतं, सोबत इंटरनॅशनल परमिट आणा. पण ते बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. आधी डीएल-१८० फॉर्मवर डॉक्टरची तपासणी आणि सही. मग लेखी परीक्षा, १८ पैकी १५ बरोबर हवीत. रोड टेस्टला लोक नापास होतात ते पॅरलल पार्किंगमध्ये: २४ फूट लांब, ८ फूट रुंद जागा, आणि गाडी मागेपुढे करायला जास्तीत जास्त तीन संधी. कडेच्या खांबांना टेकलात किंवा रेषा ओलांडलीत की गेलात.

नवऱ्याला एच-४ वर कामाचा परवाना नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळणार नाही. मग सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसातून अपात्रतेचं पत्र घ्या, लायसन्ससाठी तेच लागतं. आणि आपल्याकडे पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद), भाडेकरार, बँक, सगळीकडे नाव हुबेहूब तसंच हवं. लँड झाल्यावर लगेच आय-९४ ऑनलाइन उघडून तपासा. लायसन्सच्या काउंटरवर कागद परत येतात ते बहुधा नावातल्या फरकामुळेच.

मृण्मयी_के:
पुढे गाडी घ्याल तेव्हा विम्याच्या फॉर्मवर ‘लिमिटेड टॉर्ट’ की ‘फुल टॉर्ट’ (अपघातानंतर भरपाई मागायचा हक्क मर्यादित की पूर्ण) असं विचारतील. लिमिटेड स्वस्त, म्हणून पटकन टिक केलं जातं. पण त्यात दुखापत गंभीर नसेल तर वेदना-त्रासाची भरपाई मागायचा हक्क सहसा जातो. फक्त उपचारखर्च, बुडालेला पगार असं प्रत्यक्ष नुकसान मागता येतं. फुल टॉर्टच घ्या.