अनुभव धागा: बंद पडलेल्या फायरप्लेसच्या खोलीची निजायची खोली करताना

पुणे कॅम्पातील आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, जी बरीच वर्षे अडगळीसाठीच वापरली जात होती. सासूबाईंना आता जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावरची ही खोली त्यांच्या निजण्याची करावी असे आम्ही ठरवले आहे. खोली ऐसपैस आहे, पूर्वेला खिडकी आहे आणि न्हाणीघर लागूनच आहे. परंतु एका भिंतीत फायरप्लेस असून तिचे धुराडे थेट छपराबाहेर गेले आहे. तिच्यात कधी विस्तव पेटल्याचे घरात कोणालाही आठवत नाही. ती चिणून टाकावी असे गवंडी म्हणतो, तोडून जागा मोकळी करावी असे सुतार म्हणतो, आणि ती जशी आहे तशी राहावी असे सासूबाईंचे मत आहे.

कॅम्प आणि खडकीच्या जुन्या बंगल्यांत अशा खोल्या अजून बऱ्याच आहेत. ज्यांनी असे काम करून घेतले आहे, त्यांनी नेमके काय केले, पावसाळ्यात भिंतीचे काय झाले आणि आज त्या खोलीत निजणाऱ्याला कसे वाटते, हे कृपया सविस्तर लिहावे. माझी मुख्य काळजी ओलीची आहे, कारण सासूबाईंना दम्याचा त्रास आहे.

खडकीहून

आमच्या घरी आधीच्या रहिवाशांनी फायरप्लेसचे तोंड विटांनी चिणून वर सिमेंटचा गिलावा केला होता. तिथे फायरप्लेस आहे हे केवळ भिंतीच्या पुढे आलेल्या भागावरून ओळखू येत असे. पहिला पावसाळा लागला आणि त्या भागावर, छताच्या हातभर खाली, चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग उमटला. रंगाऱ्याने तो खरवडून पुट्टी भरली आणि प्लॅस्टिक रंगाचे दोन हात दिले. पुढच्या श्रावणात त्याच जागी रंगाला फुगा आला, आणि नखाने टोचताच आतून क्षारांची पांढरी भुकटी गळू लागली. छपराची कौले दोनदा तपासली, तरी गळती कुठेच सापडेना.

कारण समजावून सांगितले ते चुन्याची कामे केलेल्या एका वयस्क गवंड्याने. धुराड्याच्या आतील विटांत वर्षानुवर्षांची काजळी आणि तिच्यातले क्षार मुरलेले असतात, आणि हे क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात. म्हणून छप्पर गळत नसतानाही केवळ पावसाळी हवेने तो भाग ओलसर होतो. त्यात धुराड्याचे वरचे तोंड उघडे राहिले तर पाऊस सरळ आत पडतो, आणि खालचे तोंड चिणलेले असल्यामुळे आत साठलेल्या ओलीला वाळायला वारा मिळत नाही. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या मानाने तो फारच थोडा असला, तरी हवा चार महिने दमट राहते आणि अशा भिंतीला तेवढे पुरते.

आम्ही उन्हाळ्यात चिणलेल्या विटा काढल्या आणि धुराडे वरपासून खालपर्यंत साफ करून घेतले. धुराड्याच्या माथ्यावर चार कोपऱ्यांना विटांचे ठोकळे उभारून त्यांवर उतार देऊन शहाबादी फरशी बसवली, आणि चारी बाजूंच्या फटींना बारीक जाळी लावली. यामुळे पाऊस आत येत नाही, पण वारा खेळता राहतो. खाली फायरप्लेसच्या तोंडावर सागवानी चौकट करून तिच्या तळाशी जाळीचा झरोका ठेवला. सिमेंटचा गिलावा विटांपर्यंत खरवडून काढला, भिंत बरेच दिवस उघडी वाळू दिली, आणि मग चुन्याचा गिलावा करून वर चुन्याचीच सफेदी दिली. त्यानंतर आलेल्या पावसाळ्यांत डाग पुन्हा उमटलेला नाही. आमचा मुलगा त्याच खोलीत निजतो आणि तिथे अभ्यासही करतो. माझे आपल्याला कळकळीचे सांगणे आहे की फायरप्लेस झाकायची असेल तर खुशाल झाका, पण तिचा श्वास कोंडू नका.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे पाहणारा एक अभियंता

वरील अनुभवाला माझा पूर्ण दुजोरा आहे. मी केवळ तोडण्याच्या सूचनेविषयी लिहितो. खोलीत पुढे आलेला फायरप्लेसचा भाग काढला की दोन-अडीच फूट जागा मिळते हे खरे, परंतु त्याच्यावर धुराड्याचे सगळे वजन उभे असते, आणि पुष्कळदा माळ्याची एखादी तुळईही त्याच विटकामात टेकलेली असते. खालचा भाग काढून वरचे धुराडे अधांतरी ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. तोडायचेच असेल तर काम वरून खाली करावे, किंवा वरच्या वजनाला लोखंडी तुळईचा आधार देऊन मगच खालच्या विटांना हात लावावा, आणि यासाठी संरचना अभियंत्याचा लेखी आराखडा घ्यावा. शिवाय कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असे बदल करण्यापूर्वी बोर्डाची परवानगी लागते. कॅम्पातील अनेक बंगले ‘ओल्ड ग्रँट’च्या जमिनीवर आहेत, म्हणजे जमिनीची मालकी सरकारकडे आहे, त्यामुळे आपले कागद आधी नीट पाहून घ्यावेत. घर वारसा यादीत आहे का, हेही त्याच वेळी तपासावे.

आणखी एक गोष्ट विजेच्या कारागिराला आवर्जून सांगावी. फायरप्लेसच्या वरची भिंत आतून पोकळ असते आणि पोकळीपुढचे विटकाम बरेचदा विटेच्या अर्ध्या लांबीइतक्याच जाडीचे असते. तिथे खाचा मारून वायरी नेऊ नयेत आणि जड दूरदर्शन संचही टांगू नये.

ईस्ट स्ट्रीटजवळून

धुराड्यात कबुतरे असतील तर साफसफाईची घाई करू नये. आमच्या धुराड्यातून काटक्या, पिसे आणि विष्ठा मिळून पोतीच्या पोती निघाली. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीमुळे काहींच्या फुप्फुसांना गंभीर आणि दीर्घकाळ टिकणारी सूज येते, असे आमच्या डॉक्टरांनी आधीच बजावले होते. दमा असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर विशेष जपावे. आम्ही खोलीचे दार ओल्या चादरीने बंद केले, सगळी घाण पाणी शिंपडून भिजवली आणि मगच उपसली. काम करणाऱ्यांना एन-९५ मुखपट्ट्या दिल्या. हे काम होईपर्यंत आपल्या सासूबाईंना दुसऱ्या नातलगांकडे ठेवता आले तर उत्तम. घरट्यात पिल्ले असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबावे.

सदाशिव पेठेतून

आमच्याकडे फायरप्लेस नाही, पण वाड्यातील जुन्या स्वयंपाकघराची निजायची खोली केली आहे. तिथे चूल आणि धुराडे होते, म्हणून हा अनुभव इथे उपयोगी पडेल असे वाटते. आमची अडचण वासाची होती. आषाढातल्या दमट रात्री जुन्या धुराचा कडवट वास खोलीत उतरत असे आणि तो अंथरुणातही मुरत असे. नुसत्या रंगाने तो गेला नाही. धुराडे तारेच्या ब्रशने घासून काढल्यावर आणि चुलीमागची काजळलेली भिंत खरवडून तिथे नव्याने नीरूचा, म्हणजे चुन्याच्या बारीक लेपाचा, हात दिल्यावरच तो गेला. चुलीच्या जागी आता कोनाडा आहे आणि त्यात माझ्या आईची पोथी आणि चष्मा असतो.

वानवडीहून

मी वेगळे मत मांडते. आमची खोली जेमतेम दहा फूट रुंद होती आणि फायरप्लेसमुळे पलंगाशेजारून चाकांची खुर्ची वळत नव्हती. रीतसर परवानगी आणि अभियंत्याचा आराखडा घेऊन आम्ही ती धुराड्यासकट काढली. खर्च पुष्कळ आला आणि घरभर धूळ झाली, परंतु वडिलांना आज कोणाच्या मदतीशिवाय न्हाणीघरात जाता येते. जुन्या वस्तूंविषयी मलाही माया आहे. तरीही खोलीत राहणाऱ्या माणसाची गरज आधी पाहावी, असे मला मनापासून वाटते. आपली खोली ऐसपैस आहे, त्यामुळे आपल्यावर ही वेळ येणार नाही.

कॅम्पातूनच, आजारी माणसांची शुश्रूषा करणारी एक परिचारिका

फायरप्लेसपुढे दगडी फरशीचा चौथरा असतो आणि तो जमिनीपासून दोन-तीन इंच वर असतो. रात्री उठणाऱ्या वृद्ध माणसाचा पाय तिथेच अडखळतो. त्यावर बुटके कपाट बसवावे, किंवा पलंगापासून दारापर्यंतची वाट त्याला टाळून आखावी. पलंगाची उशाकडची बाजू त्या भिंतीला लावू नये. झरोक्याला डासांची जाळी हवीच, कारण धुराड्यातून डास येतात हे लोकांच्या ध्यानात येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन यंत्र लावणार असाल तर झरोक्याला सरकती झडप करून घ्यावी, आणि ती पावसाळ्यात उघडी ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थंडीत, जेव्हा पुण्याचे किमान तापमान काही रात्री दहा अंशांच्या खाली जाते, तेव्हा हौसेने किंवा उबेसाठी त्या फायरप्लेसमध्ये कोळशाची शेगडी ठेवू नये. धुराडे अर्धवट बंद असताना कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो, त्याला वास नसतो, आणि निजलेला माणूस जागा होत नाही. हे मी कोणालाही पुन्हा पुन्हा सांगते.

धागा सुरू करणारीकडून

सर्वांची मनापासून आभारी आहे. आपले अनुभव वाचल्यावर फायरप्लेसच्या तोंडाशी उदबत्ती धरून पाहिली. धूर लगेच वर ओढला गेला, म्हणजे धुराडे मोकळे आहे आणि वरचे तोंड बंद नाही. तोडण्याचा विचार आम्ही सोडला आहे. माथ्यावरची शहाबादी फरशी आणि जाळी जूनच्या आत बसवून घेऊ. त्या भिंतीवरचा ऑइलपेंट आताच खरवडून ठेवू, यंदाच्या पावसाळ्यात भिंत कशी वागते ते पाहू, आणि चुन्याचा गिलावा दिवाळीनंतर करू. तोवर सासूबाई पुढच्या खोलीत निजतील. त्यांना हे मान्य आहे. चुन्याचे काम जाणणारा गवंडी कॅम्प किंवा खडकीच्या परिसरात कोणाच्या माहितीत असल्यास कळवावे, आणि त्याने केलेली, किमान एक पावसाळा पाहिलेली भिंत मला प्रत्यक्ष दाखवता आली तर फारच बरे होईल.