सागवानी आणि शिसवी फर्निचरला मेणाचं पॉलिश: मुंबईच्या हवेत टिकेल का? सल्ला हवा

दहिसरकरीण
नमस्कार मंडळी. घरात थोडं जुनं लाकडी सामान आहे. सागवानी जेवणाचं टेबल, शिसवी आरामखुर्ची, देव्हारा आणि खणांचं एक बुटकं कपाट. सगळं सासूबाईंच्या माहेरून आलेलं आणि अजून भक्कम आहे, पण निस्तेज झालंय. खुर्चीच्या हातांवर पांढुरके डाग पडलेत. आमचं घर खाडीच्या बाजूला. पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या फळीवर बुरशी येतेच येते.

पॉलिशवाल्याला बोलावलं होतं. त्यांचं म्हणणं, "सगळं घासून पीयू मारून देतो, मग वर्षानुवर्षं बघायला नको." पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं प्लास्टिकसारखं कवच, मला ती काचेसारखी चमक नकोय. लाकूड हाताला लाकूडच लागायला हवं. मधमाशीच्या मेणाचं पॉलिश घरी करता येतं असं ऐकलंय.

माझे प्रश्न: (१) आपल्या दमट हवेत मेण टिकतं का? (२) कशात मिसळायचं? घरात खोबरेल आहे, चालेल का? (३) चांगलं मेण मुंबईत कुठे मिळेल? (४) पाऊस आता ओसरतोय, लगेच सुरुवात करू का?

गिरगावकर
ताई, शिसवी खुर्चीला पीयू मारायला अजिबात हो म्हणू नका. एकदा यंत्राने घासली की कडांची जुनी गोलाई आणि हातांना आलेला रंग दोन्ही जातात, ते परत आणता येत नाहीत.

आधी सध्या कसलं पॉलिश आहे ते बघा. न दिसणाऱ्या जागी, म्हणजे पायाच्या आतल्या बाजूला, कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट (पॉलिशवाले लाख विरघळवायला वापरतात ते अल्कोहोल) लावा. चिकट झालं, बोळ्याला तपकिरी रंग आला, तर ते लाखेचं जुनं पॉलिश. स्पिरिटने काही होत नाही पण थिनरने मऊ पडलं, तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही, तर मेलामाइन (पीयूसारखंच कडक रासायनिक पॉलिश) किंवा पीयू. आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर तो लाकडात जिरून काळसर ठसा उमटला, तर लाकूड उघडंच आहे असं समजा. प्रत्येक वस्तूची वेगळी परीक्षा करा, एकाच घरातल्या वस्तूंना एकच पॉलिश असेल असं नसतं.

रंधा
गिरगावकरांशी पूर्ण सहमत. परीक्षा झाल्याशिवाय काहीही लावू नका.

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मेणाकडून काय मागायचं हे आधी ठरवा. मेण लाकडाला मंद तकाकी देतं, बारीक ओरखडे झाकतं, धूळ आणि हाताचा घाम थेट लाकडात जाऊ देत नाही. पण मेण म्हणजे कवच नव्हे. सांडलेलं पाणी लगेच पुसलं तर ठीक, तासभर राहिलं तर डाग पडणार. हवेतली वाफ मेणातून आत जाते, त्यामुळे पावसाळ्यात लाकूड फुगायचं ते फुगतंच. उष्णतेचं तर बोलूच नका. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणजे चहाचं गरम पातेलं ठेवलं की संपलं. वाळवीपासूनही मेण वाचवत नाही. नुसत्या मेणाच्या भरवशावर मुंबईत उघडं लाकूड सोडू नये, या मताचा मी आहे. खाली लाखेचा किंवा जवसाच्या तेलाचा पातळ थर द्यायचा आणि मेण त्याच्यावर. अशी जोडी जमली की वर्षातून एकदा नुसता मेणाचा हात फिरवला तरी पुरतं.

खोबरेल नको. तिळाचं, शेंगदाण्याचं, ऑलिव्हचंही नको. ही तेलं वाळत नाहीत. लाकडात तशीच ओली राहतात, धूळ धरतात, पुढे खवट वास येतो आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं खाद्य मिळतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणून लाकडाला तेच द्यायचं. हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड लिनसीड' म्हणून मिळतं. त्यात ते लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, तेव्हा पोळपाट-लाटण्याला ते चुकूनही लावू नका.

पॉलिशचं माप असं. १०० ग्रॅम मेण किसायचं, झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून त्यावर ३०० मिली टर्पेन्टाइन ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. आपल्या हवेत ते बहुतेक आपोआप विरघळतं. गुठळ्या राहिल्या तर भांड्यात कढत पाणी घेऊन, गॅस बंद करून, त्यात बरणी झाकण सैल करून ठेवायची. टर्पेन्टाइनच्या वाफा सहज पेट घेतात, म्हणून हे काम स्वयंपाकघरात करूच नये. गॅलरीत करा. तयार पॉलिश लोण्यासारखं दिसायला हवं.

आता लावायचं कसं. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं, कारण लोक भरपूर लावतात. जुन्या मलमलीच्या फडक्यात बोराएवढा गोळा घ्या आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने इतका पातळ पसरा की लावलंय की नाही अशी शंका यावी. पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग कोरड्या सुती फडक्याने घासत राहा, बोट फिरवल्यावर ठसा उमटेनासा होईपर्यंत. नक्षीकामात बुटाचा नवा ब्रश वापरा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. जाड थर दिला तर मे महिन्यात तो मऊ पडतो, पाठ चिकटते, धुळीने काळा होतो.

टेबलासारख्या वापराच्या जागेला थोडं कार्नोबा मेण घालता येतं. हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ८२ ते ८६ अंशांना वितळतं आणि खूपच कडक असतं. १०० ग्रॅमला २० ग्रॅम पुरे, जास्त घातलं तर घासताना हात भरून येतात. मात्र ते थंड विरघळत नाही. दोन्ही मेणं गरम पाण्यावर वितळवून, गॅस बंद करून, भांडं बाहेर गॅलरीत नेऊन मगच त्यात टर्पेन्टाइन ओतायचं.

वेळेबद्दल: आत्ता नको. हवेत ओल असताना लाखेचं पॉलिश पांढरट होतं, जवसाचं तेल दिवसेंदिवस वाळत नाही, आणि लाकडात मुरलेलं पाणी आत कोंडलं जातं. ऑक्टोबरची उन्हं चांगली तापू द्या. दिवाळीच्या आधीचे दिवस या कामाला उत्तम.

माहीमची
मेण कुठे मिळेल याबद्दल. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलची दुकानं आहेत, तिथे मधमाशीचं मेण, कार्नोबा, चपडा लाख (पॉलिशसाठीचे लाखेचे पातळ पापुद्रे) एकाच फेरीत मिळू शकेल. काचपेपर आणि ब्रश नागदेवी स्ट्रीटला बघा. महाबळेश्वरकडे कुणी जाणार असेल तर मध काढणाऱ्यांकडेच मेणाची चौकशी करायला सांगा. तिथलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालंय.

घेताना भेसळ बघा. मधमाशीच्या मेणात पॅराफिन मिसळून विकतात. अस्सल मेणाला मधाचा मंद वास असतो, बोटांत मळलं की मऊ होतं, आणि बरेच दिवस ठेवलं की अंगावर पांढुरकी पूड धरते, जी उबेने नाहीशी होते. ती पूड बघून मेण खराब झालं समजू नका. पांढरंशुभ्र, बिनवासाचं आणि स्वस्त असेल तर मी घेत नाही. शुद्ध केलेलं मेणही पांढरं असतं, पण ते स्वस्त नसतं.

अंधेरी_पूर्व
थोडं वेगळं मत मांडतो. जेवणाच्या टेबलाला पीयू किंवा मेलामाइनच योग्य आहे. घरात लहान मुलं असतील, आमटी सांडणार, गरम कुकर कुणीतरी ठेवणारच. रोज त्या टेबलाच्या मागे लागायला नोकरदार माणसाला वेळ कुठला? पीयूतही मॅट मिळतं, ते काचेसारखं दिसत नाही.

रंधा
मुद्दा रास्त आहे. रोजच्या वापराच्या टेबलाला मॅट पीयूला माझा विरोध नाही. फक्त एक फरक लक्षात ठेवावा. पीयूला ओरखडा पडला किंवा पापुद्रा सुटला तर तेवढाच भाग सहसा नीट दुरुस्त होत नाही, सगळं टेबल पुन्हा घासावं लागतं. लाख आणि मेणाचं काम तेवढ्यापुरतं करता येतं. ज्याला वर्षातली एक दुपार द्यायची आहे त्याने मेण घ्यावं, ज्याला ती द्यायची नाही त्याने पीयू.

दहिसरकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. परीक्षा केल्या. खुर्चीवर स्पिरिट लावलं तर बोळा तपकिरी झाला. टेबलावर स्पिरिट आणि थिनर दोन्हींनी काहीच नाही. देव्हाऱ्यावर पाण्याचा थेंब लगेच जिरला. कपाट बाहेरून खुर्चीसारखंच, आतून उघडं लाकूड. आता पुढे?

रंधा
वा, चित्र स्पष्ट झालं.

खुर्ची: लाखेचं पॉलिश आहे, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. काचपेपर लावू नका. फडकं टर्पेन्टाइनमध्ये किंचित भिजवून मळ आणि जुनं मेण पुसून काढा. टर्पेन्टाइनने लाख विरघळत नाही, त्यामुळे भीती नाही. हातांवरचे पांढुरके डाग म्हणजे लाखेत शिरलेली ओल. हवा कोरडी झाली की त्यातले बरेच फिके होतील. उरतील तिथे स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा, न थांबता, हलक्या हाताने वरून सरकवायचा. लाख कुठे झिजली असेल तर पातळ लाखेचा एखादा हात द्या, लिटरभर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास चपडा. मग मेण. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांची ही लाख, आपल्याच मातीतली वस्तू, आणि शिसवीवर तिच्याइतकं काहीही शोभत नाही.

टेबल: मेलामाइन किंवा पीयू आधीच आहे. त्याच्यावर मेण आत शिरणार नाही, नुसतं वर बसेल. पापुद्रे सुटले नसतील तर ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून मेणाचा अगदी पुसट हात द्या, बारीक ओरखडे झाकले जातील. त्याहून जास्त काही करू नका. पुढे कधी पॉलिशवाल्याला टेबल दिलंत तर मेण लावल्याचं त्याला आवर्जून सांगा. मेण पूर्ण काढल्याशिवाय वर दुसरं कुठलंही पॉलिश धरत नाही.

देव्हारा: उघडं लाकूड. ३२० नंबरच्या काचपेपरने हलकं घासून जवसाच्या तेलाचा पातळ हात, अर्ध्या तासाने जास्तीचं तेल पुसून टाकायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग मेण. टर्पेन्टाइनचा वास पूर्ण जाईपर्यंत तिथे निरांजन, उदबत्ती काहीही लावू नका. देव तोवर दुसरीकडे ठेवा. पुढेही समईची ज्योत लाकडापासून लांब असू द्या आणि खाली पितळी तबक ठेवा, म्हणजे तेल लाकडात मुरणार नाही.

आणि हे सगळ्यांनी वाचावं: जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते, गोळा केलेल्या चिंध्यांत ती कोंडते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. ही अफवा नाही. फडकी गॅलरीत सुटी पसरून कडक वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून ठेवा, मगच टाका.

गिरगावकर
कपाटाबद्दल मी सांगतो. बाहेरून खुर्चीसारखंच करा. मागची फळी भिंतीला टेकलेली असणार, बुरशीचं कारण तेच. चार बोटं पुढे ओढा, हवा खेळू द्या. बुरशी कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा, तोंडाला फडकं बांधून. आतल्या उघड्या लाकडावर स्पिरिटचं फडकं फिरवलं तर चालेल, बाहेरच्या लाखेवर मात्र नाही, पॉलिश उतरेल. कपाटाच्या आत जवसाचं तेल लावू नका, बंद जागेत वास जाता जात नाही आणि कपड्यांना लागतो.

माळ्यावरची_पेटी
धाग्यात घुसून विचारते. आमच्या पेटीला बारीक भोकं आहेत, खाली पिठासारखी भुकटी पडते. भोकांत मेण भरलं तर किडा मरेल का?

रंधा
नाही. किडा आतल्या आत पोखरत राहतो आणि बुजवलेल्या भोकाशेजारी दुसरं पाडून बाहेर येतो. ताजी भुकटी पडतेय म्हणजे तो जिवंत आहे. पेटी बाकीच्या सामानापासून लांब ठेवा आणि लाकडाच्या किड्याचं औषध सुईने भोकाभोकांत सोडून घ्या. मोठ्या वस्तूला पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच करून घेतलेलं बरं. काही महिने भुकटी पडली नाही की मग रंग मिळवलेल्या मेणाने भोकं बुजवा. सागाचा गाभा किड्यांना सहसा दाद देत नाही, पण फिकट रंगाचं बाहेरचं लाकूड वापरलं असेल तर तिथे लागतात. पेटीत तसे पट्टे आहेत का बघा.

दहिसरकरीण
खूपच मदत झाली. शेवटचा प्रश्न: कपाटाचे खण पावसाळ्यात अडकतात. सुतार म्हणतात रंधा मारून देतो.

रंधा
पावसाळ्यात मारू देऊ नका. आत्ता लाकूड फुगलेलं आहे, तासलं तर उन्हाळ्यात खण सैल होऊन खडखडतील. खण बाहेर काढा आणि ज्या पट्ट्यांवर ते सरकतात तिथे मेणाची वडी नुसती कोरडीच घासा. टर्पेन्टाइन नको, काही नको. डिसेंबरातही अडकले तर सुताराला बोलवा, आणि जिथे घासल्याची चकाकी दिसते तेवढंच तासायला सांगा.