व्हाइट्सबरोचा शिक्का: कुस्ती की गळा आवळणं?

युटिकाकर: आमच्या शेजारी व्हाइट्सबरो नावाचं गाव आहे (न्यूयॉर्क राज्य, वस्ती पावणेचार हजारांच्या आसपास). गावाचा शिक्का म्हणजे ह्यू व्हाइट हा गोरा संस्थापक एका ओनायडा आदिवासी माणसाशी झोंबतोय. व्हाइट इथे 1784 मध्ये आला. दंतकथा अशी की ओनायडा माणसाने आव्हान दिलं, पन्नाशी ओलांडलेल्या व्हाइटने त्याला लोळवलं आणि पुढे दोघांत स्नेह जुळला. पण चित्रात व्हाइट त्याचा गळा आवळतोय असं काहींना वाटतं, म्हणून जानेवारी 2016 मध्ये शिक्का बदलायचा का यावर गावात मतदान झालं. 157 विरुद्ध 55, जुनाच राहू द्या! मग टीव्हीवर खिल्ली उडाली आणि त्याच महिन्यात कारभाऱ्यांनी पलटी मारली. मला हे पटलेलं नाही. शिक्का गावाचा, कौलही गावाचाच.

तांबडी_माती: गळा आवळतोय म्हणणाऱ्यांनी तालमीत पाऊल ठेवलेलं नसणार. गर्दनखेच सुरू झाली की हात मानेवरच जातात. आमच्या कोल्हापुरात असं चित्र लावलं तर लोक आधी डाव ओळखतील.

शंकासूर: पहिलवान, मग 1970 च्या दशकात तक्रार आल्यावर गावानेच व्हाइटचे हात मानेवरून खांद्यावर का आणले? आणि गोष्ट आली कुणाकडून? जिंकणाऱ्याकडून. ओनायडा अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात वसाहतींच्या बाजूने लढले होते, 1777 ची ओरिस्कनीची लढाई याच गावाच्या पलीकडे झाली. त्यांना बक्षीस काय मिळालं? 1788 च्या करारात त्यांची पन्नास लाख एकरांहून जास्त जमीन न्यूयॉर्क राज्याने घेतली. व्हाइट आल्यावर चारच वर्षांनी! हे माहीत असलं की त्या चित्रात नुसती कुस्ती दिसत नाही.

युटिकाकर: जमिनीचं पाप एकट्या व्हाइटच्या माथी का?

शंकासूर: त्याच्या माथी नाही, शिक्क्याच्या. माणूस मेला, शिक्का रोज कागदावर उमटतोय.

तांबडी_माती: जमिनीचं ठाऊक नव्हतं. तरी कुस्ती पुसू नये असंच वाटतं. 2017 मध्ये त्यांनी तेच केलं ना? कुस्ती ठेवली, पकड बदलली, ओनायडाचा पेहराव नीट केला. आता जोड बरोबरीची वाटते.

शंकासूर: बरोबरीची जोड म्हणता, पण निकाल आधीच ठरलेला. आमच्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात.

युटिकाकर: हे मात्र 157 जणांसमोर बोलून दाखवा!