सैतानाला कोणी भुलवले? इच्छास्वातंत्र्य आणि पापाचे मूळ

प्रश्न : दांडिया बाजार, वडोदरा

नमस्कार. सुरसागराजवळ आम्ही काही मराठी वाचक रविवारी एकत्र बसून निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ वाचतो. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदा कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी प्राध्यापक नेमले गेले होते. त्या परंपरेचा थोडासा अंश आपल्याकडे राहावा, एवढीच आमची इच्छा आहे. सध्या बायबलमधील ‘उत्पत्ती’ सुरू आहे आणि तिसऱ्या अध्यायापाशी आम्ही अडकलो आहोत.

पहिल्या अध्यायाच्या शेवटी देवाने निर्माण केलेले सर्व काही फार चांगले होते असे म्हटले आहे. तिसऱ्या अध्यायात सर्प हव्वेला मोहात पाडतो. हा सर्प म्हणजे सैतान, असे नंतरची ख्रिस्ती परंपरा मानते, आणि सैतान हा मुळात देवानेच निर्माण केलेला एक चांगला देवदूत होता असेही मानते. हव्वेला सैतानाने भुलवले हे समजले, पण सैतानाला कोणी भुलवले? त्याच्यापूर्वी जगात दुष्ट असे काहीच नव्हते. त्याला इच्छास्वातंत्र्य होते, हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण त्यातून तो पाप करू शकत होता एवढेच कळते. त्याने ते का केले, हे कळत नाही.

उत्तर १ : फतेहगंजमधील एक मराठी ख्रिस्ती वाचक

ताई, आपण प्रश्न नेमक्या जागी आणून ठेवला आहे. ख्रिस्ती परंपरेत या जागेवर सर्वांत अधिक काळ घुटमळलेला माणूस म्हणजे ऑगस्टीन (३५४–४३०). तरुणपणी सुमारे नऊ वर्षे तो मानी या धर्मसंस्थापकाच्या पंथात होता. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादि तत्त्वे एकमेकांशी झुंजत आहेत, असे तो पंथ मानी. तिथे वाईटाच्या उगमाचा प्रश्न चटकन सुटतो, पण देव सर्वश्रेष्ठ राहत नाही. ऑगस्टीनने तो पंथ सोडला आणि पुढे असे मांडले की वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही. जिथे चांगले असायला हवे तिथे ते नसणे, जसे डोळ्यात दृष्टी नसणे, म्हणजे वाईट. त्यामुळे देवाने ते निर्माण केले असे म्हणता येत नाही.

देवदूताच्या बाबतीत याचा अर्थ असा की त्याने एखादी दुष्ट वस्तू निवडली नाही, कारण तशी वस्तूच अस्तित्वात नव्हती. त्याने देवापेक्षा स्वतःला अधिक मानले. तो स्वतःही चांगलाच होता, पण देवापेक्षा उणा. वरच्या चांगल्याकडून खालच्या चांगल्याकडे वळणे, हेच पाप. तो वळू शकला, कारण शून्यातून निर्माण झालेली प्रत्येक वस्तू बदलू शकते. मात्र तो प्रत्यक्षात का वळला, याचे कारण शोधूच नये, असे ऑगस्टीन ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाराव्या भागात म्हणतो. ते शोधणे म्हणजे अंधार पाहण्याचा किंवा शांतता ऐकण्याचा प्रयत्न करणे होय.

अनेकांना ही पळवाट वाटते. मला ती वाटत नाही. पहिल्या पापाचे पुरेसे कारण सापडले असते, तर दोष त्या कारणाकडे गेला असता आणि पाप हे पापच राहिले नसते. बायबलमधील याकोबाच्या पत्रात देव कोणालाही मोहात पाडत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. ते खरे असेल, तर साखळी कुठेतरी एखाद्या इच्छेपाशीच थांबली पाहिजे.

उत्तर २ : तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी

वरील मांडणीबद्दल मला आदर आहे, पण तिच्यातील एक गाठ सुटत नाही. सारख्याच चांगल्या स्वभावाच्या देवदूतांपैकी काही पडले आणि काही टिकले, तर फरक कशामुळे पडला? ऑगस्टीन हा प्रश्न टाळत नाही. त्याच बाराव्या भागात तो म्हणतो की पडलेल्यांना देवाच्या प्रीतीची कृपा कमी मिळाली असेल, किंवा दोघेही सारखेच चांगले असून टिकलेल्यांना अधिक साहाय्य मिळाले असेल. ते मान्य केले की फरकाचे मूळ पुन्हा देवापाशीच पोहोचते.

१९५५ मध्ये तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी विचारले होते की एखादा जीव एका प्रसंगी स्वेच्छेने चांगले निवडू शकत असेल, तर प्रत्येक प्रसंगी स्वेच्छेने चांगलेच निवडणारे जीव देवाने का निर्माण केले नाहीत. त्यावर ख्रिस्ती तत्त्वज्ञ अॅल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये विस्ताराने उत्तर दिले: स्वतंत्र जीव काय निवडेल हे त्या जीवावरच अवलंबून असते, म्हणून तसे जग घडवणे देवाच्याही हाती नसेल. देव आणि वाईट यांत तार्किक विसंगती नाही, एवढे यातून सिद्ध होते, आणि प्लँटिंगांचा दावाही तेवढाच आहे. पण ख्रिस्ती मतानुसार स्वर्गातील संत स्वतंत्र असूनही पाप करू शकत नाहीत. मग तसे स्वातंत्र्य आरंभीच का दिले नाही?

शिवाय २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप घ्या. त्याचे धक्के आपल्या शहरानेही अनुभवले. ते मृत्यू कोणाच्या निवडीचे फळ होते?

उत्तर ३ : अलकापुरी, निवृत्त संस्कृत शिक्षक

आपल्याकडील अनेक वाचक इथे लगेच कर्मसिद्धांत पुढे करतील, म्हणून एक भेद सांगतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातही ईश्वरावर पक्षपात आणि क्रूरतेचा आक्षेप घेतला आहे. तो जीवांच्या कर्मानुसार फळ देतो, हे उत्तर येताच पुढची शंका उभी राहते की सृष्टीच्या आरंभी कर्मच नव्हते, मग विषमता कुठून आली? तिचे उत्तर, संसार अनादि आहे. पहिले कर्म असे काही नाहीच. ख्रिस्ती विचाराला हा मार्ग बंद आहे, कारण तिथे सृष्टीला आरंभ आहे आणि तो आरंभ निखळ चांगला आहे. ताईंचा प्रश्न म्हणूनच तिथे इतका टोकदार होतो. आपण तो सोडवलेला नसून मागे मागे ढकलला आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ख्रिस्ती परंपरेतही ऑगस्टीन एकटा नाही. दुसऱ्या शतकातील धर्मपंडित इरेनियसच्या मते आदाम आणि हव्वा बालकांसारखे अपरिपक्व होते. परिपूर्णता मिळालेली नव्हती, तिच्याकडे वाढत जायचे होते. पाप त्यामुळे समजण्याजोगे होते, पण देवदूताचे पतन तरीही उरतेच.

उत्तर ४ : फतेहगंजमधील तोच वाचक

कच्छविषयी उत्तर देणे भाग आहे. मानवाच्या पापामुळे सारी सृष्टी बिघडली, असे म्हणण्याची प्रथा आमच्यात आहे आणि त्यासाठी बायबलमधील रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा आधार घेतला जातो. पण मानवाच्या कितीतरी आधीपासून पृथ्वीचे भूस्तर सरकत आहेत, हे माहीत असताना मी ते उत्तर देऊ शकत नाही. इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद तिथवर पोहोचत नाही, असेच मी मानतो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला आणि प्रार्थनेला जमलेले लोक चर्चमध्येच गाडले गेले. तेव्हा हे शहराच्या पापाचे शासन आहे, असे काही धर्मोपदेशकांनी सांगितले. बायबलमधील ‘ईयोब’ या पुस्तकात नीतिमान असूनही संकटांत सापडलेल्या ईयोबाला त्याचे मित्रही हेच सांगत होते, आणि त्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देवाचा कोप ईयोबावर होत नाही, त्या मित्रांवर होतो.